चुका काढायचे पैसे कोण देतं?

नमस्कार ताई,

वहीच्या दोन पानांवर पत्र लिहून त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत, ते फार बरं केलंत. का, ते पुढे सांगते. आधी वाचकांसाठी थोडक्यात पत्रातला मजकूर. कुटुंब ऐरोलीचं. मुलगी २४ वर्षांची, मराठी घेऊन एम.ए. झालेली. वाशीच्या एका जाहिरात एजन्सीत आठ महिने कंटेंट लिहायला होती, कंटाळून सोडलं. आता घरून संपादन आणि प्रूफरीडिंग करते. इन्स्टाग्रामवर पान काढलंय, नऊशे फॉलोअर आहेत. सहा महिन्यांत कामं आली चार. त्यातल्या एका लेखकाने फाइल घेतली आणि फोन उचलणं बंद केलं. वडील म्हणतात, बी.एड. कर आणि शाळेत लाग. आणि तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत देते: "दुसऱ्याच्या चुका काढायचे पैसे कोण देतं? चुका तर आमच्या सासूबाई फुकट काढायच्या."

फोटो मोठा करून पाहिला, तर तुमच्या निळ्या शाईवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. म्हणजे पत्र पाठवण्याआधी लेकीने ते तपासलंय. 'परिस्थिती'ची वेलांटी तिने नीट केली, ते कुणीही केलं असतं. पण कमाईचा आकडा तुम्ही एका ठिकाणी ११,४०० लिहिलाय आणि खाली १४,२००. तिथे तिने स्वतः काही बदललं नाही, समासात प्रश्नचिन्ह काढून तुम्हाला विचारलं. मग तुम्ही कंसात लिहिलंत की बुडालेले २,८०० धरून १४,२००. आणि सासूबाईंच्या वाक्याला तिने हातही लावला नाही. दुसऱ्या कुणी 'हे कशाला, लोक काय म्हणतील' म्हणून ते खोडून टाकलं असतं. कुठे दुरुस्त करायचं, कुठे विचारायचं आणि कुठे हात आवरायचा, हे जिला पेन्सिलीतच कळतं, तिला माझ्या मते हे काम जमेल. पैसे मिळतील का, हा वेगळा प्रश्न.

तिचं इन्स्टाग्राम पाहिलं. सुविचार आहेत, पावसाच्या कविता आहेत आणि 'आशीर्वाद की आशिर्वाद?' असल्या शब्दजोड्या आहेत. लाइक भरपूर. पण लाइक करणारे कोण ते एकदा तिला बघायला सांगा: मराठीचे शिक्षक, तिच्या वर्गातल्या मैत्रिणी आणि तिच्यासारखेच दहा-बारा प्रूफरीडर. ज्याला काम द्यायचंय तो तिथे फिरकतच नाही, कारण आपल्याला संपादक लागतो हेच त्याला माहीत नसतं. या धंद्याची मुळातली अडचण हीच आहे. शिंप्याने बाही नीट बसवली तर दिसते. संपादकाने वाक्य नीट बसवलं तर वाचणाऱ्याला वाटतं, ते पहिल्यापासून असंच होतं. त्यामुळे आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय हे काम विकत नाही.

उदाहरण आमच्या नौपाड्यातल्या इमारतीचंच देते. लिफ्टशेजारी सूचना लागली होती: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पाण्याच्या टाकीच्या साफसफाईच्या कामानिमित्त दिनांक १४ रोजी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार असून सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवण्याची नोंद घ्यावी.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तरी चौदा तारखेला अर्धी इमारत बादल्या घेऊन जिन्यात. मी सेक्रेटरींना लिहून दिलं: 'रविवारी, १४ तारखेला, टाकी साफ करायची आहे. सकाळी १० ते संध्याकाळी ५ पाणी येणार नाही. शनिवारी रात्रीच भरून ठेवा.' वार मूळ सूचनेत नव्हता, तो विचारावा लागला. पाणी भरायचं की नोंद घ्यायची, हेही मूळ वाक्याला ठरवता आलं नव्हतं. अशा जोड्या तिने आठवड्याला दोन टाकाव्यात, खाली एका ओळीत काय बदललं आणि का ते सांगावं. मात्र गिऱ्हाइकाचा मजकूर त्याच्या परवानगीशिवाय टाकायचा नाही, आणि दुकानांच्या पाट्यांचे फोटो टाकून हसायचं तर मुळीच नाही. मराठी पाट्यांसाठी २०२२ मध्ये कायदा बदलला, २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घाईघाईने केलेल्या पाट्यांत काय काय दिसलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातला दुकानदार उद्या तिचं गिऱ्हाईक होऊ शकतो. पण त्याची आधी चेष्टा केली, तर तो कशाला येईल?

गिऱ्हाईक शोधायला फार लांब जायला नको. ठाण्यात आणि नवी मुंबईत गृहनिर्माण संस्था किती आहेत ते मोजायलाच नको. प्रत्येकीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि सभेआधी अहवाल छापावा लागतो. पतपेढ्यांचं तसंच. मग मंडळांच्या आणि शाळांच्या स्मरणिका. दिवाळी अंकांची कामं आषाढ-श्रावणापासून येतात. घोडबंदर रोडवरच्या बिल्डरांची मराठी माहितीपत्रकं बहुतेक इंग्रजीवरून मशीनने उतरवलेली असतात, वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांची ॲप आणि विम्याची पत्रं यांचंही तेच. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त पैशाचं, आणि ते देणारी माणसं लिंक्डइनवर असतात, म्हणून तिथे तिचं नीट लिहिलेलं पान हवं. सोसायटीवाले आणि छापखानेवाले गुगलवर शोधतात. गुगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट निघतं, घरचा पत्ता लपवून फक्त 'ऐरोली, ठाणे, वाशी' एवढा परिसर दाखवता येतो. आणि तिथे 'मुद्रितशोधन' लिहून थांबू नये. शब्द सुंदर आहे, पण लोक शोधताना 'मराठी प्रूफरीडिंग' टाइप करतात. पहिल्या चार गिऱ्हाइकांकडून दोन-दोन ओळींचा अभिप्राय मागून घ्यावा. बुडवणाऱ्याला सोडून, अर्थात.

आता दर. तिने पानाला १५ रुपये लावलेत असं तुम्ही लिहिता. २०० पानांचं पुस्तक म्हणजे ३,००० रुपये. पहिलं वाचन तासाला पाच पानं धरा, ४० तास. दुसरं तासाला दहा पानं, २० तास. ६० तासांचे ३,०००, म्हणजे ताशी ५० रुपये. ही देणगी झाली! शिवाय पानावर दर लावला की लोक अक्षर बारीक करून, ओळी दाटून फाइल पाठवतात आणि २०० पानांची १५० होतात. शब्दांवर दर लावावा. शब्द कॉम्प्युटर मोजतो, त्यात वाद नाही. आणि काम घेण्याआधी चार ओळींचा ईमेल: नुसती प्रुफं तपासायची, की भाषा सुधारायची, की प्रकरणं हलवायची? किती वाचनं? कधी देणार? तिन्हींचे दर वेगळे. अर्धे पैसे आधी, आणि उरलेले आल्याशिवाय वर्डची फाइल द्यायची नाही, तोवर वॉटरमार्क घातलेली पीडीएफ पाठवायची. हे केलं असतं तर ते २,८०० गेले नसते.

कंपन्यांची कामं सुरू झाली की 'उद्यम' ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घ्या. ऑनलाइन आहे, फुकट आहे. नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, लांबवले तर व्याज लागतं. बिलावर तो नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाले जरा सरळ बोलतात. जीएसटीची काळजी वर्षाची उलाढाल २० लाख होईपर्यंत नको.

काम शिकायचं अजून बाकी आहे, हे तिला गोड न करता सांगते. १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे लेखनाचे १८ नियम तोंडपाठ हवेतच. 'हळूहळू' दीर्घ आणि 'दुडुदुडु' ह्रस्व का, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे (दुसरा शब्द नादावरून आलाय म्हणून). पण खरी मारामारी फाइलशी असते. अजून कितीतरी छापखान्यांत मजकूर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. तो युनिकोडमध्ये आणला की 'दुसऱ्या'तला र फुटतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. हे घरी बसून कळत नाही. ठाण्यातल्या एखाद्या छापखान्यात किंवा प्रकाशकाकडे सहा महिने अर्धा दिवस बसायला मिळालं, तर पगार कमी असला तरी घ्यावा. सवड मिळेल तेव्हा १८९३ पासूनच्या आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसावं. पुस्तकं तर आहेतच, पण हस्तलिखित पिशवीत घेऊन फिरणारी माणसंही तिथेच भेटतात.

त्यातलं एखादं हस्तलिखित घणसोलीकडच्या आगरी आजोबांच्या आठवणींचं असेल. नवी मुंबई वसवायला सिडकोने जमिनी घेतल्या ते दिवस, त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी झालेलं १९८४ चं जासईचं आंदोलन. त्यात आजी 'मना नाय' म्हणत असेल, तर तिथे 'मला नाही' करायचं नाही. निवेदनाची वेलांटी सुधारा, पण आजीची जीभ सुधारू नका. 'आता चॅटजीपीटी सगळं करतं' असं वडील म्हणतात ना, त्यांना हे उदाहरण द्या. मशीनला 'शुद्ध कर' म्हटलं की आजीला ते पुण्याला नेऊन बसवतं.

एक काम मात्र कितीही पैसे दिले तरी घ्यायचं नाही: 'पीएचडीच्या प्रबंधातली सिमिलॅरिटी (म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर) दहा टक्क्यांच्या खाली आणून द्या.' विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१८ चे वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आल्यापासून ही मागणी फार वाढलीय. ते संपादन नव्हे, दुसऱ्याची चोरी झाकणं आहे.

बी.एड.बद्दल थोडंच लिहिते. दोन वर्षं, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग शिक्षकभरतीची अभियोग्यता परीक्षा, मग जागा निघण्याची वाट. तिला शिकवायची ओढ असेल तर उत्तम. पण 'सुरक्षित' म्हणून करायचं असेल तर ते तितकंसं सुरक्षित नाही. माझं मत विचाराल तर तिला पुढच्या दिवाळीपर्यंत वेळ द्या. दिवाळीला फॉलोअर मोजू नका. एकदा काम दिलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले, ते मोजा. पाच आले असतील तर धंदा आहे. एकही आला नसेल तर बी.एड.चा फॉर्म भरायला मी स्वतः मदत करेन.

जाता जाता माझी एक फजिती. समुपदेशन सुरू केलं तेव्हा माहितीपत्रकाच्या ५०० प्रती छापल्या. प्रुफं मी तीनदा वाचली, एक काना चुकला नव्हता. महिनाभर एकही फोन आला नाही. शेवटी छापलेला नंबर मीच फिरवून पाहिला, तर कळव्यातल्या एका गॅस दुरुस्तीवाल्याने उचलला. तो वैतागला होता. "मॅडम, दहावीनंतर काय करायचं ते मला काय विचारतात?" तेव्हापासून नंबर वाचून तपासत नाही, लावून तपासते.

हे सांगितलं, कारण तुमच्या पत्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आहे '३१ जून', आणि तिच्याजवळ पेन्सिलीची खूण नाही. तिला काही सांगू नका. पत्र फक्त पुन्हा एकदा वाचायला द्या, आणि किती मिनिटांत सापडतं ते मला कळवा.