ब्रेंटफर्डला वर जायला इतकी वर्षे का लागली?

प्रश्न : मी आणि माझा मुलगा इंग्लंडचा फुटबॉल नियमितपणे पाहतो. ब्रेंटफर्ड हा लंडनमधील लहानसा क्लब २०२१ मध्ये प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत आला, पण त्याआधी जवळजवळ दहा वर्षे तो बढतीच्या जवळ जाऊन मागे फिरत होता, असे समालोचक नेहमी सांगतात. मालकाकडे पैसा होता, आकडेवारीची जाण होती, संघही चांगला होता. मग इतका वेळ का लागला? आणि बढती हाताशी आलेली असताना आपलेच उत्तम खेळाडू विकण्यात कोणते शहाणपण होते?
– एक वाचक, वसई

उत्तर : आपण दोन प्रश्न विचारले आहेत खरे, पण माझ्या मते पहिल्याचे निम्मे उत्तर दुसऱ्यातच आहे. तरी सुरुवात वेळेच्या हिशेबापासून करू.

क्लबचा लहानपणापासूनचा चाहता असलेल्या मॅथ्यू बेनम यांच्याकडे २०१२ मध्ये ब्रेंटफर्डची मालकी आली, तेव्हा हा संघ तिसऱ्या श्रेणीत होता. म्हणजे प्रीमियर लीगपर्यंत एक नव्हे, दोन पायऱ्या चढायच्या होत्या. पहिल्या पायरीवर जे घडले ते ब्रेंटफर्डचा जुना प्रेक्षक आजही विसरलेला नाही. २७ एप्रिल २०१३ रोजी, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, घरच्या ग्रिफिन पार्क मैदानावर डाँकॅस्टरला हरवले की थेट बढती मिळणार होती. गोलशून्य बरोबरी असताना भरपाई वेळेत ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळाली. ती कर्णधार केविन ओकॉनर यांनी घ्यायची असे ठरलेले होते, पण तरुण मार्चेल्लो ट्रोटाने चेंडू स्वतःकडे घेतला आणि त्याचा फटका आडव्या खांबावर आदळला. परत आलेला चेंडू घेऊन डाँकॅस्टरचे खेळाडू दुसऱ्या टोकाला धावले आणि जेम्स कॉपिंजरने गोल केला. काही सेकंदांच्या अंतराने बढती गेली, आणि प्रतिस्पर्धी त्या श्रेणीचा विजेता ठरला. पुढच्याच महिन्यात वेम्बली मैदानावर, बढतीच्या उरलेल्या एका जागेसाठी होणाऱ्या प्ले-ऑफ या बाद फेरीच्या अंतिम सामन्यात येओव्हिलने ब्रेंटफर्डला २–१ असे हरवले. एवढे होऊनही पुढच्या हंगामात, एप्रिल २०१४ मध्ये, संघाने थेट बढती मिळवली.

दुसरी पायरी मात्र फारच उंच होती. चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत २४ संघ असतात आणि प्रत्येकाला ४६ सामने खेळावे लागतात. आपण ज्या काळाबद्दल बोलतो आहोत त्या काळात पहिले दोन संघ थेट वर जात आणि तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांत तिसऱ्या जागेसाठी प्ले-ऑफ होत असे. बारावीला उत्तम गुण मिळवूनही प्रवेश मात्र सीईटीच्या एकाच दिवसावर ठरावा, तशातला हा प्रकार आहे. त्यात प्रीमियर लीगमधून नुकत्याच खाली आलेल्या क्लबांना पुढे तीन वर्षांपर्यंत मोठे अर्थसाहाय्य मिळू शकते. त्यामुळे ब्रेंटफर्डसारख्या क्लबाची स्पर्धा दरवर्षी कितीतरी अधिक पगार देऊ शकणाऱ्या तीन-चार संघांशी असे. मालकाने स्वतःची तिजोरी उघडावी म्हटले, तरी तीन वर्षांत ३.९ कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा दाखवता येत नाही असा त्या श्रेणीचा नियम होता. आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल, कारण ज्या क्लबाकडे टीव्हीचा पैसा नाही, प्रचंड मैदान नाही आणि तोट्यालाही मर्यादा आहे, त्याला खेळाडू विकूनच पुढचा संघ उभारावा लागतो.

हा व्यवहार ब्रेंटफर्डने लपवला नाही. बेनम यांचा स्वतःचा व्यवसायच सामन्यांच्या निकालांचे संख्याशास्त्रीय अंदाज बांधण्याचा होता. एखादा सामना कोण जिंकले यापेक्षा गोलच्या चांगल्या संधी कोणी अधिक निर्माण केल्या, हे पाहण्याची सवय त्यांनी क्लबला लावली. फ्रान्समधील किंवा इंग्लंडच्या खालच्या श्रेणींतील जे खेळाडू बाजाराच्या नजरेतून सुटले होते, ते स्वस्तात घ्यायचे, दोन-तीन हंगाम खेळवायचे आणि भाव वाढला की विकायचे, अशी ही पद्धत होती. चौथ्या श्रेणीतील एक्सेटरकडून २०१७ मध्ये घेतलेला ऑली वॉटकिन्स तीन वर्षांनी सुमारे २.८ कोटी पौंडांना ॲस्टन व्हिलाकडे गेला. त्याआधी २०१९ मध्ये नील मोपे ब्रायटनकडे गेला होता. क्लबने २०१६ मध्ये आपली युवा अकादमीही बंद केली, कारण तिथे घडवलेली मुले मोठे क्लब अल्प मोबदल्यात उचलून नेत. तिच्या जागी इतरांनी सोडून दिलेल्या तरुणांचा ‘ब’ संघ उभा केला. स्थानिक मुलांचा रस्ता बंद करणारा हा निर्णय मला आजही पटत नाही, पण हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक काढणे अवघड आहे.

विक्रीचा दुसरा परिणाम म्हणजे वेळ, कारण उत्तम खेळाडू गेले की संघ पुन्हा उभारावा लागतो. २०१५ मध्ये पाचव्या क्रमांकावर येऊन प्ले-ऑफमध्ये मिडल्सब्रोकडून दोन सामन्यांत मिळून ५–१ असा पराभव झाला, आणि त्यानंतरच्या चार हंगामांत संघ नववा, दहावा, नववा आणि अकरावा आला. गुणतक्ता पाहणाऱ्याला हा क्लब जागच्या जागी थांबला आहे असेच वाटले असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रशिक्षक डीन स्मिथ व्हिलाकडे गेल्यावर त्यांचे सहायक थॉमस फ्रँक प्रशिक्षक झाले आणि पहिल्या दहांपैकी आठ सामने हरले. दुसरीकडे कुठेही त्यांना निरोपाचा नारळ मिळाला असता. इथे मात्र संघ संधी निर्माण करतो आहे की नाही एवढेच पाहिले गेले, आणि फ्रँक यांची जागा अबाधित राहिली. ब्रेंटफर्डच्या यशाचे श्रेय सर्वसाधारणपणे खेळाडूंच्या हुशार खरेदीला दिले जाते. मी मात्र ते या संयमाला अधिक देईन, कारण आकडेवारी आज सगळ्यांकडेच आहे, पण गुणतक्ता विरोधात असताना तिच्यावर विश्वास ठेवायला फारच थोडे मालक तयार होतात.

या संयमाची खरी परीक्षा २०२० मध्ये झाली. सलग आठ विजय मिळवून संघ थेट बढतीच्या दारात उभा होता आणि शेवटचे दोन्ही सामने तो हरला. अखेरच्या दिवशी घरच्या मैदानावर बार्न्सलीला हरवले असते तरी दुसऱ्या क्रमांकावरील वेस्ट ब्रॉमला मागे टाकता आले असते. मग प्ले-ऑफची अंतिम लढत, फुलहॅमविरुद्ध, साथीमुळे रिकाम्या असलेल्या वेम्बलीवर झाली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जादा वेळेत फुलहॅमच्या जो ब्रायनने दुरून मारलेली फ्री किक ब्रेंटफर्डचा गोलरक्षक डेव्हिड राया पुढे सरकलेला असल्याने थेट जाळ्यात गेली. ब्रायननेच आणखी एक गोल केला आणि ब्रेंटफर्ड २–१ असा हरला. त्याच उन्हाळ्यात वॉटकिन्स आणि पाठोपाठ सईद बेनरामा क्लब सोडून गेले.

या ठिकाणी अनेक क्लब कोसळतात. ब्रेंटफर्डने मात्र पीटरबरोकडून आयव्हन टोनी आधीच हेरून ठेवला होता, आणि त्याने त्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल केले. संघ पुन्हा तिसरा आला. उपांत्य फेरीत बोर्नमथविरुद्ध पहिला सामना गमावूनही एकूण ३–२ अशी सरशी साधली. २९ मे २०२१ रोजी स्वॉन्झीविरुद्ध टोनीची पेनल्टी आणि मार्कोंडेसचा गोल अशा २–० विजयाने बढती मिळाली. त्यापूर्वीच्या नऊ प्ले-ऑफ मोहिमा फसल्या होत्या, आणि सर्वोच्च श्रेणीत क्लब याआधी १९४६–४७ मध्ये खेळला होता. थोडक्यात, वेळ लागला तो क्लबला घाई करणे परवडत नव्हते म्हणून; आणि नशिबानेही त्यात आपला वाटा उचलला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मुंबईतील एखाद्या क्लबाला असाच प्रवास करता येईल का?
– एक वाचक, परळ

उत्तर : एकदा तो झालेला आहे, हे बहुतेकांच्या स्मरणात नसते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीने दुसऱ्याच वर्षी आय-लीग या देशातील तेव्हाच्या सर्वोच्च स्पर्धेची द्वितीय श्रेणी जिंकून वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. हा संघ २०१७ पर्यंत तिथे टिकला, त्या वर्षी तळाशी राहून खाली आला आणि नंतर बंदच पडला. म्हणजे आपल्याकडे चढण्यापेक्षा पडल्यावर तग धरणे अवघड आहे. खाली गेलेल्या संघाचे प्रायोजक, मैदान आणि प्रेक्षक टिकवून धरणारी कोणतीच व्यवस्था आपल्याकडे उभी राहिलेली नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे आय-लीगच्या वरची श्रेणी ठरलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये अनेक वर्षे खालून वर येण्याची सोय नव्हती. ती सोय झाल्यावर, २०२३ मध्ये, आय-लीग जिंकून पंजाबचा संघ तिथे पोहोचला आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग. तेव्हा नियमांच्या बाजूने मार्ग मोकळा होऊ शकतो हे सिद्ध झाले आहे. मुंबईतील क्लबासमोर त्याआधीचा प्रश्न असतो, आणि तो म्हणजे सरावासाठी वर्षभर हक्काने मिळणारे मैदान. ते नसेल तर खेळाडू घडवणे राहो, विकायलाही कोणी उरणार नाही.