जस्ताची भेसळ?

प्रश्न : लॅपटॉपच्या वायरवरचा गोल फुगवटा फुटला. आतून काळी, ठिसूळ नळी निघाली. तिला चुंबक चिकटतं. शोधलं तर कळलं की हे फेराइट. लोखंड, निकेल आणि जस्ताचं. त्यात म्हणे अणूंचे दोन गट एकमेकांच्या उलट तोंड करून असतात. मग चुंबक चिकटतं कसं? आणि चुंबकाला अजिबात दाद न देणारं जस्त त्यात घालतात कशाला? ही भेसळच नाही का?

उत्तर : नळी फेकून न देता तिला चुंबक लावून पाहिलंत, हे फार आवडलं. भेसळीचा संशय मात्र मागे घ्या. जस्तामुळे तिचं चुंबकत्व वाढलेलं आहे.

हिशेबच करू. फेराइटमध्ये ऑक्सिजनच्या अणूंमधल्या पोकळ्यांत धातूचे अणू बसतात. काही पोकळ्यांभोवती चार ऑक्सिजन, काहींभोवती सहा. चारच्या घरातले सगळे एका दिशेला, सहाच्या घरातले बरोबर उलट. लोखंडाच्या अणूचं चुंबकत्व ५ धरा, निकेलचं २. (एककाचं नाव बोर मॅग्नेटॉन, विसरलात तरी चालेल.) नुसत्या निकेल फेराइटमध्ये चारच्या घरात एक लोखंड, म्हणजे ५. सहाच्या घरात एक लोखंड आणि एक निकेल, म्हणजे ७. शिल्लक २. चुंबकाला जाणवते ती एवढीच. निकेल ऑक्साइडमध्ये दोन्ही बाजू सारख्याच, म्हणून शिल्लक शून्य.

आता पाव हिस्सा निकेल काढून जस्त घाला. जस्ताला चारचं घर आवडतं. ते तिथे शिरतं आणि तिथलं पाव लोखंड सहाच्या घरात ढकलतं. चारच्या घरात उरले ३.७५, सहाच्या घरात झाले ७.७५. शिल्लक ४. म्हणजे दुप्पट! स्वतः शून्य चुंबकत्वाचं जस्त आलं आणि वजाबाकीतली वजा होणारी बाजूच हलकी करून गेलं.

हे फार ताणता येत नाही. जस्त निम्म्याच्या पुढे गेलं की चारच्या घरात चुंबकी अणू फार कमी उरतात. सहावाल्यांना एका रांगेत ठेवण्याचं काम तेच करत होते. ते गेले की रांग मोडते. संपूर्ण जस्ताचं फेराइट खोलीच्या तापमानाला चुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही.

हा वजाबाकीचा सिद्धांत फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४८ मध्ये मांडला. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अशा पदार्थांना त्यांनी ‘फेरीमॅग्नेटिक’ म्हटलं. ‘फेरो’ नव्हे, ‘फेरी’. या एका मात्रेपायी परीक्षेत माझे गुण गेलेत.

शिल्लक तापमानानेही बदलते. विद्यार्थी असताना मी गॅडोलिनियम नावाचा धातू आणि लोखंड यांच्या गार्नेटचं (हाही फेराइटसारखाच, उलट तोंडांच्या गटांचा पदार्थ) चुंबकत्व मोजत होतो. नमुना थेट फ्रिजमधून काढलेला. तो तापत गेला तसा आकडा उतरत उतरत जवळजवळ शून्यावर आला आणि पुन्हा चढू लागला. नमुन्यांची अदलाबदल केली म्हणून मी मित्राशी भांडलो, वहीतले आकडे खोडले. खरं तर थंडीत गॅडोलिनियमची बाजू जड असते, पण तापमान वाढलं की ती भराभर ढिली पडते. सुमारे १५ अंश सेल्सिअसला लोखंड तिची बरोबरी करतं आणि मग पुढे जातं. सरांनी वही पाहिली आणि खोडलेले आकडे मला तसेच्या तसे पुन्हा लिहायला लावले.