गाडीवर असताना दारूपासून लांब राहायचं तर

भावा, पहिले काही महिने जड जातात, पण जमतं. गाडी चालते तोवर ठीक असतं रे, खरा त्रास गाडी लावल्यावर, अंग दमलेलं, पोटात भूक आणि बोलायला कोणी नाही, तेव्हा आधी जेव आणि लगेच स्पॉन्सरला, म्हणजे एएमधल्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) आधी दारू सोडलेल्या तुझ्या सोबत्याला, फोन लाव, तलफ यायची वाट बघू नको. निघायच्या आधीच रूटवरच्या एएच्या मीटिंगच्या वेळा लिहून ठेव, नाहीच जमलं तर ऑनलाइन मीटिंग रात्री-बेरात्री पण मिळते. १९३५ ला बिल डब्ल्यू., एएचा एक संस्थापक, नुकतीच दारू सोडलेला, कामासाठीच परगावी, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला गेलेला, काम फिसकटलं, हॉटेलचा बार समोर, तरी बोलायला दुसरा दारुडा शोधायला त्याने फोन गाठला, त्यातूनच दारूशी झगडणारे डॉ. बॉब भेटले आणि एए सुरू झाली. आणि हो, दारू सोडल्यावर हात थरथरत असतील तर गाडी काढूच नको, आधी डॉक्टर.