क्वेस्ट फॉर ग्लोरी १ मध्ये पहिल्यांदा लढवय्याचं पात्र घ्यावं का? जुन्या लॅपटॉपवर चालेल का?

चालेल भाऊ. १९८९ चा गेम आहे, स्कमव्हीएम (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की कोणत्याही डबड्यावर पळतो. लढवय्याचं मात्र डोक्यातून काढा. 'नवीन आहेस ना, मग लढवय्याच घे' म्हणणाऱ्या पोट्ट्यांना नुसती हाणामारी पाहिजे असते. हा अर्धा कोड्यांचा गेम आहे, हे त्यांना किती वेळा सांगावं!

सुरुवातीला पात्र बनवताना कसबांवर वाटायला ५० गुण मिळतात आणि खरा घोळ तिथंच होतो. जे कसब शून्यावर राहिलं ते मग कितीही घासा, वाढत नाही. बाकीची वापरानं वाढतात. शून्यावरचं कसब उघडायला १५ गुण लागतात आणि ते पात्र बनवायच्या याच पानावर द्यावे लागतात. माझं ऐकाल तर चोर घ्या, १५ गुण जादूला टाका, उरलेले ३५ ताकद आणि चढण्यावर. मंत्र झाराच्या जादूच्या दुकानात विकत मिळतात.

आता वैद्यबाईच्या हरवलेल्या अंगठीचंच बघा. तिच्या घराबाहेरच्या झाडावर घरटं आहे, अंगठी त्यात. लढवय्या खालून दगड मारतो, जादूगार फेच मंत्रानं ओढतो, चोर सरळ झाडावर चढतो. पहिल्यांदा चढायला जाल तर सरकून खाली याल. येऊ द्या, त्या सरकण्यानंच कसब वाढतं. पण स्टॅमिनाच्या पट्टीवर लक्ष ठेवा. ती संपली की पुढची मेहनत हेल्थमधून कापली जाते आणि मग जंगलात पहिलाच गॉब्लिन तुम्हाला आडवा करतो. पट्टी अर्ध्यावर आली की रेस्ट टाइप करायचं, थोडं थांबायचं, परत चढायचं. हेच कसब पुढं थुंकणाऱ्या झाडांचं बी झेलायला कामी येतं.

आणि शाप उतरवायच्या काढ्याचं सामान बघा: एराना नावाच्या जादूगारणीच्या बागेतली फुलं, धबधब्याचं उडतं पाणी, परीची धूळ, मीपची (छोटा केसाळ प्राणी) हिरवी लव, वनदेवीचं जादूचं ओकफळ. पाचांपैकी एकाही वस्तूला तलवार लागत नाही. लव तर नुसती मागितली की मिळते! पाणी आणि धुळीसाठी रिकाम्या बाटल्या तेवढ्या आधी जमवा. परीची धूळ रात्रीच मिळते.

रात्री उघड्या जंगलात झोपू नका, मेलात म्हणून समजा. एरानाच्या बागेत झोपा. गेममधलं घड्याळ आपोआप पळतं, म्हणून रात्रीची थ्री फेज आली आणि मोटर चालू करायला वावरात निघालात तर आधी एफ५ दाबून सेव्ह करा. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असेल तर दर दहा मिनिटांनी करा, लाइटीचा काय भरवसा. प्रत्येक सेव्हला वेगळं नाव द्या.

हो, ओगर (धिप्पाड राक्षस) समोर आला तर चोर मार खातो हे खरं आहे. पळायचं, त्यात लाज कसली. इंग्रजी टाइप करायचा कंटाळा असेल तर १९९२ ची माऊसवाली आवृत्ती घ्या, पण प्रश्न विचारायची मजा जुन्यातच आहे. गेम संपल्यावर पात्र सेव्ह करायला विचारतो, तिथं घाईनं बंद करू नका. दुसऱ्या भागात तोच चोर कसबांसकट नेता येतो.