टेकन 8 मध्ये कोणतं कॅरेक्टर किती भारी, हे आपल्या ग्रुपपुरतं कसं ठरवायचं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या तुमच्या आठ जणांच्या ग्रुपला टेकन 8 या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घ्यायची आहे, त्यातलं किंग हे कॅरेक्टर सगळ्यांना जड जातंय आणि त्याच्यावर बंदी घालायची का, यावर वाद चाललाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी यूट्यूबवरच्या टियर लिस्ट, म्हणजे कॅरेक्टरच्या ताकदीच्या क्रमवाऱ्या, बाजूला ठेवा. त्या वरच्या पातळीच्या हातांसाठी असतात. काझुया या कॅरेक्टरची इलेक्ट्रिक ही चाल घ्या. त्यात शेवटची खाली-पुढे दिशा आणि उजवा ठोसा एकाच फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एकाच चित्राला, पडावे लागतात. गेम सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे हातात 16.7 मिलिसेकंद. जमली तर ब्लॉक होऊनही पुढची चाल काझुयाचीच. हुकली की साधा फटका निघतो, आणि तो ब्लॉक झाला की उलटा मार बसतो. तुमच्यात कुणाला ती सातत्याने जमत नसेल, तर लिस्टमधला काझुया तुमच्याकडे नाहीच.

दुसरं, एकट्या कॅरेक्टरला मार्क देऊन काही कळत नाही. खासबागेत कुस्तीची जोड लावताना समोर कोण आहे ते बघतातच ना? इथंही जोडीनं मोजायचं. 6-4 म्हणजे सारख्या ताकदीचे दोघे खेळले तर 10 पैकी 6 मॅच पहिल्याच्या.

पण तुमच्यातले दोघे सारख्या ताकदीचे नसणार, म्हणून कॅरेक्टर बदलून खेळा. समजा पहिल्यानं किंग घेऊन दुसऱ्याच्या जिन या कॅरेक्टरला 8-2 हरवलं. सगळे म्हणणार, किंग फारच भारी. आता पहिल्याला जिन द्या, दुसऱ्याला किंग. यावेळी जिन 7-3 जिंकला. किंगच्या एकूण मॅच 8 आणि 3, म्हणजे 20 पैकी 11. पहिला खेळाडू मात्र 20 पैकी 15 जिंकला. भारी किंग नव्हता, खेळणारा होता. अट एकच, दोघांनाही दोन्ही कॅरेक्टर बऱ्यापैकी यायला हवीत.

10 मॅचवर निकाल देऊ नका. नाणं 10 वेळा उडवलं तरी 6 किंवा जास्त छापे पडायची शक्यता जवळपास 38 टक्के असते. 100 मॅचमध्ये 60 आल्या तर मात्र दखल घ्या. निव्वळ नशिबानं तेवढ्या यायची शक्यता 3 टक्क्यांहून कमी. प्रत्येक जोडीच्या 100 मॅच होणार नाहीत, म्हणून ज्या जोडीवरून भांडण आहे तेवढीच नीट मोजा.

बेरीज करताना कोण किती जण खेळतात तेही धरा. तुमचं कॅरेक्टर किंगशी 4-6 आणि जिनशी 6-4 असेल तर सरासरी 5. पण ग्रुपमध्ये तिघे किंग आणि एकच जिन असेल, तर 4 गुणिले 3 अधिक 6, भागिले 4, म्हणजे 4.5.

ही मोजणी बिघडवणारी एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे टीव्ही. गेम मोड बंद असला की चित्र उशिरा येतं. 100 मिलिसेकंद उशीर म्हणजे 6 फ्रेम गेल्या. मग बघून ब्लॉक होणारे खालचे फटकेही लागतात, आणि असे फटके असलेलं कॅरेक्टर उगाच भारी वाटतं. आधी गेम मोड लावा, मगच वही काढा.

मॅचशिवायचा पुरावा हवा असेल तर प्रॅक्टिसमध्ये फ्रेम डेटा चालू करा. फटका ब्लॉक झाल्यावर उणे 10 दिसला, म्हणजे मारणारा 10 फ्रेम मागे पडला, तर 10 फ्रेमचा जॅब (झटपट ठोसा) लागतोच. उणे 9 असेल तर लागत नाही. उणे 15 ला बहुतेकांना लाँचर, म्हणजे हवेत उडवणारा फटका, मिळतो. जो फटका सगळ्यांना छळतोय त्याचा आकडा बघा. बरेचदा तो उणे 13-14 निघतो आणि कुणीच शिक्षा देत नसतं, एवढंच. किंगच्या पकडींचंही तसंच: उभ्यानं होणारी पकड खाली बसून चुकते, शिवाय कोणता हात पुढं येतो ते बघून तोच ठोसा दाबला, दोन्ही आले तर दोन्ही, की सुटते. प्रॅक्टिसमध्ये दोन-तीन पकडी रेकॉर्ड करून यादृच्छिक क्रमानं चालवा आणि आठवडाभर रोज पंधरा मिनिटं सोडवा. त्यानंतर पुन्हा मोजा.

बंदी फार क्वचित लागते. 1994 च्या सुपर स्ट्रीट फायटर 2 टर्बो या गेममधला अकुमा स्पर्धांतून बाहेर ठेवला गेला, कारण त्याच्या हवेतल्या फायरबॉलला बाकीच्यांकडे उत्तरच नव्हतं. टेकन 7 मध्ये लेरॉय हे कॅरेक्टर डिसेंबर 2019 ला आलं आणि जानेवारी 2020 च्या इव्हो जपान या स्पर्धेत शेवटच्या आठांत सहा लेरॉय होते. तरी बंदीऐवजी तो नंतर पॅचनं, म्हणजे गेमच्या अपडेटनं, कमजोर केला गेला. म्हणून वहीत प्रत्येक आकड्याशेजारी गेमचं व्हर्जन लिहा. पॅच आला की जुने आकडे खोडा.

किंगला बाहेर काढू नका. पहिल्या मॅचला दोघांनीही आपापलं कॅरेक्टर तिसऱ्याच्या कानात सांगायचं. पुढं जिंकलेल्यानं तेच ठेवायचं, हरलेल्याला बदलायची मुभा. किंगची एखादी जोड खरंच 7-3 असेल, तर समोरच्याला तिथंच मार्ग मिळतो.