फाउंड्रीतली नोकरी सोडून मी नर्सिंग का निवडलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३१, बारावी कॉमर्स, पुण्यात अकाउंट्सची नोकरी, आणि नर्सिंगचा विचार डोक्यातून जात नाही. तिशीनंतर या क्षेत्रात आलेल्या कुणीतरी खरं कारण सांगावं. सेवाभाव असल्याशिवाय हे जमत नाही असं सगळे म्हणतात, ते खरं का?

शेवटचं आधी घेतो. माझ्यात सेवाभाव आहे असं मला ओळखणारं कुणीही म्हणणार नाही. घरात पोरगं तापानं फणफणलं तर आधी बायको उठते, मग मी. मी नर्सिंगला आलो ते मला तपासणीचं काम आवडतं म्हणून. फक्त ती तपासणी वेळेत कुणाच्या तरी उपयोगी पडावी असं वाटत होतं. शिवाय ठेकेदाराच्या हाताखालून सुटायचं होतं. ही दोन कारणं. तिसरं शोधून सापडत नाही.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून भाग ओतायच्या कारखान्यात, मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. बारावी आर्ट्स, त्यावर आयटीआय. गाड्यांचे सुटे भाग ओतून यायचे, ते माझ्या टेबलावर. व्हर्नियर, गेज, हार्डनेस टेस्टर घेऊन बसायचं. ब्लो होल, क्रॅक, श्रिंकेज असे ओतकामातले दोष बघायचे. पास माल इकडे, रिजेक्ट तिकडे. रिजेक्ट परत भट्टीत. काम येत होतं, आवडतही होतं. पण कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, माझ्यापर्यंत यायचं ते गार होऊन. जे काही बिघडायचं ते साच्यात मेटल ओतलं तेव्हाच बिघडलेलं असायचं, मी नुसता पंचनामा करायचो. त्यात रजिस्टरचा प्रकार वेगळाच. साचे बनवायच्या वाळूतला ओलावा ठरावीक वेळानं मोजून लिहायचा एक कॉलम होता. तो ऑडिटच्या आदल्या दिवशी एकाच पेननं, एकाच बैठकीत भरला जायचा. फाउंड्रीत काम केलेल्यांना हे नवीन नाही.

ओल्या साच्यात वितळलेलं मेटल पडलं की आत वाफ कोंडते आणि मेटल उसळतं. आमच्या पोअरिंगवरच्या एका पोराच्या दोन्ही मांड्यांवर आणि पोटावर ते उसळलं. त्याचे घरचे गावाकडून येईपर्यंत दवाखान्यात रात्री मी थांबलो. भाजलेल्यांच्या वॉर्डात नातेवाइकांना फारसं आत सोडत नाहीत. बाहेर बाकावर बसायचं, हाक मारली की गाऊन घालून आत जायचं. आतल्या सिस्टर दर तासाला येऊन त्याच्या लघवीच्या पिशवीतलं माप बघत, मिलिलिटरमध्ये लिहीत आणि पिशवी रिकामी करत. मला वाटलं, हेही आमच्या वाळूच्या कॉलमसारखंच. विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘भाऊ, भाजल्यावर अंगातलं पाणी झिरपून जातं. मोठ्या माणसाला तासाला तीस ते पन्नास मिली तरी लघवी झाली पाहिजे. कमी झाली म्हणजे किडनीला रक्त कमी पडायला लागलं.’ पहाटे आकडा वीसवर आला. त्यांनी डॉक्टरांना उठवलं, सलाईनचा वेग वाढला, आणि उजाडेपर्यंत आकडा परत वर गेला.

एवढंच घडलं. पण आकडा लिहिला आणि त्या आकड्यावरून लगेच कुणीतरी काहीतरी केलं, हे मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. (पोरगा बरा झाला. आता गावात म्हशी आहेत त्याच्या.)

पुढं शिकल्यावर त्यामागचं गणित कळलं. भाजलेल्या माणसाचं वजन गुणिले किती टक्के भाजलंय ते, गुणिले चार. तेवढे मिली रिंगर लॅक्टेट नावाचं सलाईन पहिल्या २४ तासांत. म्हणजे ६० किलोचा माणूस २० टक्के भाजला असेल तर ४८०० मिली. त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत जायला हवं, आणि ते ८ तास भाजल्याच्या वेळेपासून मोजायचे, दवाखान्यात आणल्यापासून नाही. हा झाला हिशोबाचा आरंभ. नंतर वेग कमीजास्त करायचा तो लघवीच्या आकड्यावरून. डॉक्टर सूत्र मांडतात, पण तासातासाला ते खरं ठरतंय की नाही हे बघणारा माणूस म्हणजे नर्स.

आता दुसरं कारण. मी कंपनीच्या रोलवर कधीच नव्हतो, ठेकेदाराकडून होतो. वर्षभरात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं थोडं संरक्षण मिळतं, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ द्यायचा ही एमआयडीसीतली जुनी रीत. ब्रेकमध्ये घरी बसायचं आणि परत बोलावणं येईल का याची वाट बघायची. नर्सचं रजिस्ट्रेशन मात्र तिच्या स्वतःच्या नावावर असतं. मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे एकदा नाव लागलं की एका दवाखान्यानं नको म्हटलं तर माणूस दुसऱ्याकडे जातो. तालुक्याच्या गावातसुद्धा चार दवाखाने असतात. मला ही गोष्ट पगाराहून मोठी वाटली, आजही वाटते.

घरी काय झालं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्याही घरी होणार आहे. आमचे आबा म्हणाले, ‘बायकांचं काम करणार का आता?’ गावात ते अजूनही सांगतात की पोरगा दवाखान्यात सुपरवायझर आहे. मी दुरुस्त करत नाही. बायको ब्लाउज शिवते, तिच्या मशिनवर घर चाललं. माझा पीएफ काढला, तिचा एक दागिना गहाण पडला. तीन वर्षं वर्गात अठरा-एकोणीसच्या पोरी आणि मूठभर पोरं. पहिल्या वर्षी मी ‘दादा’ होतो, तिसऱ्या वर्षापर्यंत ‘काका’ झालो. पुस्तकं इंग्रजीत. ॲनाटॉमी पाठ करताना डोळ्यांतून पाणी आलं, तेवढं सोडलं तर अभ्यास झेपतो.

शिकण्यातली मजा मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. कम्युनिटीच्या पोस्टिंगला, म्हणजे गावातल्या प्रत्यक्ष कामाला, खेड्यातल्या घरी जाताना बॅग कशी ठेवायची याचीसुद्धा पद्धत असते: आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग, आधी हात धुवायचे, मग लागेल तेवढंच सामान काढायचं. बॅगेत पुन्हा पुन्हा हात घालायचा नाही. फाउंड्रीतल्या माणसाला अशी शिस्त बघून बरं वाटतं. मानसिक आजारांच्या पोस्टिंगसाठी आम्हाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेलं. आंबा घाट उतरेपर्यंत पोरं वेड्यांचे विनोद करत होती. चार दिवसांत सगळी तिथल्या पेशंटबरोबर कॅरम खेळत होती. मुलग्यांनाही मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम, शिकावी लागते, परीक्षा द्यावी लागते. लेबर रूममध्ये आम्हाला दाराशीच जास्त उभं केलं जायचं, ते वेगळं.

आता रोजचं काम. मी मेल सर्जिकल वॉर्डात आहे. पेशंट ‘ब्रदर’ म्हणतात, म्हातारी माणसं ‘डॉक्टर’ म्हणतात, सांगितलं तरी तेच म्हणतात. ड्युटीवर आल्यावर आधीच्या पाळीकडून ओव्हर घ्यायची: कोणत्या बेडला काय झालं, कुणाच्या ड्रेनमधून (जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतून) किती आलं, कुणाचं सलाईन किती उरलं. मग टीपीआर: तापमान, नाडी, श्वास. इथं मला आमचं वाळूचं रजिस्टर परत भेटलं. कुठल्याही वॉर्डातला जुना चार्ट काढून बघा, श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २०, २०. न मोजता लिहिलेला आकडा मला लांबून ओळखू येतो. तेवढं एक शिक्षण मी एमआयडीसीतून घेऊन आलोय. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं आणि पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घेतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, त्याच्या बोटांकडे बघतोय असं दाखवत छाती मोजायची. ही युक्ती पुस्तकातच आहे, पण तीस पेशंट आणि एक नर्स असेल तर तीस मिनिटं फक्त श्वासालाच. म्हणून २०. मी त्या पोरींना दोष देत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स असा आहे, शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात तिघांमागे एक. तो निकष नाइटला येऊन कुणी बघावा.

तरीही मोजलं तर सापडतं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका मामांची नाडी दुपारी ८८, मग १०४, मग ११८. बीपी अगदी व्यवस्थित. ते म्हणत होते, ‘काही नाही, जरा बेचैन वाटतंय.’ आत रक्तस्राव होत असेल तर तरण्याताठ्या हृदयाचा माणूस बीपी बराच वेळ धरून ठेवतो, आधी नाडी बोलते. सर्जनला फोन केला. त्यांनी येऊन तपासलं आणि मामा परत टेबलावर गेले. हे कास्टिंग अजून गरम होतं, असं मला त्या दिवशी वाटलं. मी या नोकरीत का आहे याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्ही अकाउंट्सच्या आहात, तर हेही तुम्हाला पटेल. इन्सुलिनची लाल टोपणाची सिरिंज एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी असते, केशरी टोपणाची १०० युनिटच्या बाटलीसाठी. १०० ची बाटली आणि हाती लाल सिरिंज असं झालं तर १० च्या रेघेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात २५ युनिट असतं. अडीच पट. रेघ बरोबर, हात बरोबर, माणूस बेशुद्ध. अशी ताळेबंदाची नजर असलेले लोक वॉर्डात हवे असतात, आणि त्यांना कुणी बोलावत नाही, कारण जाहिरातीत नेहमी हसरा चेहरा आणि हातात दिवा.

सेवाभावावर माझा राग आहे तो पगारामुळं. सरकारी स्टाफ नर्सची, म्हणजे अधिपरिचारिकेची, मूळ वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, वर भत्ते. खासगीत काय मिळतं ते तुमच्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये विचारून बघा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं नेमलेल्या समितीनं सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी बेडच्या दवाखान्यातही महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये, आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. ती शिफारस बहुतेक ठिकाणी कागदावर राहिली. पगाराचा विषय काढला की ‘ही तर सेवा आहे’ असं ऐकवणारे स्वतः बिलात नर्सिंग चार्जेस वेगळे लावतात. आमच्या एका मालकांना मी हे तोंडावर म्हटलं होतं. तिथं आता मी नाही.

पुरुषांसाठी सरकारी जागा कमीच. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना आहेत. बायकांच्या वॉर्डात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायचा असेल तर सिस्टरना हाक मारावीच लागते, आणि ते योग्यच आहे. उलट एखादा दारू पिऊन आलेला, आडदांड पेशंट असला की सगळ्या वॉर्डांतून ‘ब्रदरला बोलवा’. तुम्हाला हा त्रास नाही. तुम्हाला दुसरे असतील, ते एखाद्या सिस्टरनं लिहावेत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर कॉमर्सनं बी.एस्सी. नर्सिंग होणार नाही, त्याला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि सीईटी द्यावी लागते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) हा डिप्लोमा चालेल: तीन वर्षं, बारावी कोणत्याही शाखेची, इंग्रजी विषय आणि ४० टक्के. आमच्या वेळी वयाची वरची मर्यादा ३५ होती. २०२३ मध्ये नर्सिंगचा नवा कायदा आलाय, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, एजंटवर विसंबू नका. पुढं वाटलंच तर जीएनएमवर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. सहा महिन्यांचा, वर्षाचा ‘नर्सिंग कोर्स’ म्हणून पत्रकं वाटतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यावर कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही आणि आयुष्यभर बिनरजिस्ट्रेशनच्या पगारावर राबावं लागतं. कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का ते पैसे भरायच्या आधी बघा. आणि ज्या रुग्णालयात ते पोस्टिंगला पाठवतात तिथं एकदा दुपारी चक्कर मारून या. बेड रिकामे दिसले तर तुम्ही शिकणार कुणावर?

नोकरी आत्ताच सोडू नका, प्रवेश पक्का झाल्यावर सोडा. डोमिसाईल, लागत असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर मात्र आत्तापासूनच काढायला घ्या. ऐन प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्राबाहेर रांग रस्त्यापर्यंत येते.