परिषद नागपुरात, परतीचे तिकीट दोन दिवसांनी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नागपुरात होणाऱ्या परिषदांना बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या निवासाची आणि फिरण्याची व्यवस्था पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. परिषद आटोपल्यावर एक-दोन दिवस थांबून आसपास पाहावे, असा विचार करणाऱ्या वाचकांची पत्रे हिवाळा जवळ आला की वाढतात. त्यांपैकी पाच प्रश्न आज घेतले आहेत.

प्रश्न (पुणे) : आमची परिषद गुरुवार-शुक्रवार आहे आणि शुक्रवारी दुपारी चारला संपेल. परतीचे विमान रविवारी संध्याकाळी घेतले, तर दीक्षाभूमी, अजब बंगला, रामटेक, सेवाग्राम आणि पेंच एवढे सगळे पाहून होईल का?

उत्तर : होणार नाही, आणि झालेच तर आपण पाहिलेले बहुतेक काही गाडीच्या काचेतून पाहिलेले असेल. नागपुरात देशाचा मध्यबिंदू मानला जाणारा 1907 सालचा झिरो माइलचा दगड आहे, त्यामुळे येथून सगळे सारख्याच अंतरावर असणार, असा पाहुण्यांचा सुखद गैरसमज होतो. प्रत्यक्षात रामटेक ईशान्येला सुमारे 50 किलोमीटरवर, पेंचचे जंगल उत्तरेला, ताडोब्याचे दक्षिणेला आणि सेवाग्राम नैर्ऋत्येला सुमारे 75 किलोमीटरवर आहे. एका दिशेहून परतून दुसऱ्या दिशेला निघायचे म्हणजे पुन्हा नागपूर शहर ओलांडणे आले. म्हणून मी प्रत्येकाला एकच सांगतो, की दिवसाला एक दिशा धरावी.

शुक्रवारची संध्याकाळ दीक्षाभूमीसाठी ठेवावी. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेथे आज उभा असलेला स्तूप आतून पोकळ आहे. घुमटाखाली मधोमध उभे राहिल्याशिवाय त्याच्या आकाराचा खरा अंदाज येत नाही. तेथे तासभर निवांत बसावे आणि नंतर फुटाळा तलावाच्या काठावर चहा घ्यावा. एवढ्यावर तो दिवस संपला असे मानावे, कारण दोन दिवस सभागृहात बसलेल्या माणसाचा थकवा खुर्चीत जाणवत नाही, चालू लागल्यावर जाणवतो.

शनिवारी रामटेक किंवा सेवाग्राम यांपैकी एकच निवडावे. मला विचाराल, तर प्रथमच येणाऱ्याने रामटेकला जावे. गडमंदिरातल्या रामाचे दर्शन बहुतेक सगळेच घेतात. मात्र त्याच डोंगरावरची वाकाटककालीन केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन लहानशी मंदिरे न पाहताच पुष्कळ जण खाली उतरतात. केवल नरसिंहाच्या गाभाऱ्यात तांबूस दगडाची भलीमोठी बैठी मूर्ती आहे. नरसिंह म्हटले की हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेले रूप डोळ्यांपुढे येते. येथे मात्र तो एकटाच, हातात चक्र घेऊन, दरबारात बसलेल्या राजासारखा ऐसपैस बसलेला आहे. गाभारा एवढा लहान, की मूर्ती अंगावर आल्यासारखी वाटते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या भागात राज्यकारभार पाहणाऱ्या प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीच्या स्मृतीशी हे मंदिर जोडलेले असून त्याच्या भिंतीत कोरीव लेख आहे. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. आषाढात या डोंगरावर ढग टेकलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा वाद फारसा पडत नाही. मंदिराच्या वाटेवर प्रसादाची पिशवी उघडी धरू नये. तेथील माकडे ती आपलीच समजतात.

सेवाग्राम निवडणाऱ्याने मोटारीऐवजी रेल्वेचाही विचार करावा. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगवेगळी स्थानके आहेत, तेव्हा तिकिटावरचे नाव नीट वाचून घ्यावे. गांधीजी 1936 मध्ये येथे राहायला आले. बापूकुटीत आणि शेजारच्या त्यांच्या कचेरीत पाहण्यासारखे भव्य काही नाही, आणि तेच पाहायचे असते : सारवलेली जमीन, चटई, बुटके मेज, साप पकडून दूर सोडण्यासाठी ठेवलेली लाकडी पेटी आणि व्हाइसरॉयशी बोलणे सोयीचे व्हावे म्हणून बसवलेला दूरध्वनी. परतताना धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम वाटेतच पडतो.

रविवारची सकाळ शहरासाठी पुरते. बख्त बुलंद शाह या गोंड राजाने 1702 मध्ये वसवलेल्या आणि पुढे भोसल्यांची राजधानी झालेल्या या शहराचा जुना भाग, म्हणजे महाल आणि इतवारी, पायीच पाहावा. त्यानंतर 1863 मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच आमचा अजब बंगला. तो सोमवारी बंद असतो, हे मी आता न विसरता सांगतो. एकदा अकरा पाहुण्यांना घेऊन सोमवारीच तेथे गेलो होतो आणि बंद फाटकाबाहेर उभा राहून त्यांना आतल्या शिलालेखांविषयी माहिती देण्याची वेळ माझ्यावर आली होती. सीताबर्डीचा किल्ला मात्र लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट यांसारखे दिवस सोडले, तर खालूनच पाहावा लागतो.

प्रश्न (बेंगळुरू) : विमानाचे तिकीट आणि हॉटेलचा खर्च कंपनी करणार आहे. मी स्वखर्चाने दोन रात्री जास्त राहणार असून पत्नीही सोबत येणार आहे. हॉटेलवाले म्हणतात, की कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर चार रात्रींचे एकच बिल घ्या, नंतर आपसात हिशेब करा. यात काही अडचण येऊ शकते का?

उत्तर : अडचण येऊ शकते, आणि ती पैशांपेक्षा विश्वासाची असते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी असेच एक बिल घेतले. स्वतःच्या दोन रात्रींचे पैसे त्यांनी प्रामाणिकपणे भरलेही होते. परंतु बिलावर चार रात्री दिसत असल्यामुळे त्यांच्या लेखा विभागाने संपूर्ण बिलच अडवून ठेवले, आणि दीड महिना खुलासे लिहिण्यात गेला. म्हणून परिषद संपते त्या दिवशी कंपनीचे बिल पूर्ण करून घ्यावे, खोली तीच ठेवली तरी नोंद नव्याने स्वतःच्या नावावर करावी आणि पुढचे पैसे स्वतःच्या कार्डाने द्यावेत. हॉटेलला हे काही नवे नाही.

कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेतल्याने करात सवलत मिळेल, हे आमिष तर आपल्या बाबतीत बहुधा पोकळच आहे. हॉटेलच्या खोलीवरील कर ती खोली ज्या राज्यात आहे त्या राज्याचा धरला जातो. आपल्या कंपनीची नोंदणी केवळ कर्नाटकात असेल, तर नागपूरच्या बिलावरील महाराष्ट्राच्या कराची वजावट तिला मिळत नाही. नोंदणी महाराष्ट्रात असती, तरीही खासगी मुक्कामाच्या रात्री त्यात घालणे गैरच ठरले असते.

आयकराच्या नियमांनी या प्रसंगाचा विचार फार पूर्वीच करून ठेवला आहे. कार्यालयीन दौऱ्याला जोडून सुट्टी घेतली आणि त्या वाढीव दिवसांचा खर्च कंपनीने केला, तर तेवढा खर्च कर्मचाऱ्याला मिळालेला लाभ समजून त्याच्या पगारात धरला जातो. सोबत आलेल्या कुटुंबीयांवर कंपनीने केलेल्या खर्चाचेही तसेच. पत्नीचे तिकीट आणि जेवण आपण स्वतः भरत असाल, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

विमानाच्या तिकिटाबाबत एक साधी सवय लावून घ्यावी. आरक्षण करतेवेळी परिषदेनंतर लगेचच्या परतीचे भाडे आणि आपल्याला हव्या असलेल्या दिवसाचे भाडे, अशा दोन्हींची पडद्यावरील प्रत तारखेसह जपून ठेवावी आणि आपल्या दिवसाचे भाडे जास्त असेल तर फरक स्वतः भरावा. कमी असेल, तर तो कंपनीचा वाचला. त्यावर आपला हक्क सांगू नये. विभागप्रमुखांना दोन ओळींचा ई-मेल आधीच पाठवावा. कंपनीचा प्रवासविमा वाढीव दिवसांना लागू आहे का, हेही त्यातच विचारावे, कारण पुष्कळदा तो कामाच्या तारखांपुरताच असतो.

प्रश्न (कोल्हापूर) : नागपूरला येऊन वाघ न पाहता परतायचे, हे मनाला पटत नाही. शनिवारी एका दिवसात ताडोबा होईल का?

उत्तर : मनाला पटले नाही, तरी शनिवारच्या सफारीचे आरक्षण परिषदेच्या आठवड्यात मिळणे कठीणच. परिषदेची तारीख कळली, की त्याच दिवशी वन विभागाच्या संकेतस्थळावर जागा पाहाव्यात. नागपूरहून येणाऱ्याला मोहर्लीपेक्षा कोलारा प्रवेशद्वार सोयीचे पडते. तरीही पहाटेची फेरी गाठायची असेल, तर मध्यरात्रीनंतर काही तासांतच निघावे लागते. त्यापेक्षा शुक्रवारीच संध्याकाळी निघून प्रवेशद्वाराजवळ मुक्काम करावा. ताडोबा मंगळवारी बंद असते आणि गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला भाग, 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात बंद राहते. आरक्षणात नोंदवलेले ओळखपत्रच मूळ स्वरूपात जवळ हवे. गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, हे कार्यालयाला आधी कळवून ठेवलेले बरे.

पेंचच्या बाबतीत एक गफलत वारंवार होते. पेंच नावाचे व्याघ्रप्रकल्प दोन राज्यांत आहेत आणि दोघांचे आरक्षण वेगवेगळ्या संकेतस्थळांवर होते. सिल्लारी आणि खुर्सापार ही महाराष्ट्राची प्रवेशद्वारे आहेत, तुरिया मध्य प्रदेशाचे. आरक्षण तुरियाचे आणि गाडी सिल्लारीला, असा प्रकार मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

हाताशी केवळ अर्धा दिवस असेल, तर उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याची दुपारची फेरी हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा पर्याय आहे. सोबत लहान मुले असतील आणि वाघ दिसल्याशी कारण असेल, तर शहरालगत गोरेवाड्याला 2021 मध्ये सुरू झालेली बंदिस्त क्षेत्रातील बस-सफारी आहे. तिला जंगल म्हणता येणार नाही, परंतु मुलांची त्याबद्दल तक्रार नसते.

प्रश्न (नाशिक) : आयोजकांनी दोन तारखा सुचवल्या आहेत : एक दसऱ्याच्या आठवड्यातली, दुसरी डिसेंबरच्या मध्यातली. मुक्काम वाढवायचा असेल तर कोणती बरी?

उत्तर : दोन्ही तारखा गर्दीच्या आहेत. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. तो जनसागर पाहायचा असेल, तर त्याच दिवसांत यावे आणि भरपूर चालण्याची तयारी ठेवावी. शांतपणे स्तूप पाहायचा असेल, तर चार-पाच दिवस सोडून यावे. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले, की हॉटेलांच्या खोल्या मिळेनाशा होतात आणि विधान भवनाकडचे रस्ते मोर्चांमुळे वारंवार बंद होतात. तरीही हवा पाहता मी डिसेंबरच निवडीन. वाढीव रात्रींची मागणी मात्र आयोजकांकडे सुरुवातीलाच नोंदवावी, म्हणजे त्यांनी ठरवून घेतलेल्या दरात त्या मिळण्याची शक्यता असते. निघायच्या दिवशी सकाळी काउंटरवर विचारल्यास जो दर सांगितला जाईल तो मुकाट्याने द्यावा लागतो. मे महिन्याची तारीख कोणी सुचवली, तर मुक्काम वाढवू नये. पंचेचाळीस अंशांत पाहुण्याला दुपारी बाहेर काढणे ही आमच्याकडे शिक्षा समजली जाते.

प्रश्न (ठाणे) : सावजी जेवण खरोखरच तेवढे तिखट असते का? आणि घरी नेण्यासाठी संत्री कधी मिळतात?

उत्तर : असते. कोष्टी समाजाच्या घरांतून आलेले हे जेवण आहे. त्याचा तिखटपणा पहिल्या घासाला कळत नाही, पाचव्याला कळतो. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून बोलायचे असेल, तर सावजी परिषद संपल्यानंतरच्या रात्रीसाठी ठेवावे. शाकाहारी मंडळींनी पाटोडीचा रस्सा मागावा. सकाळी टपरीवरचे तर्री पोहे खावेत. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक पातळ तर्री ओततात, ती आधी अर्धी पळीच मागावी, हवी तर पुन्हा मिळते. सांबारवडी मागवताना एवढे लक्षात असू द्यावे, की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर.

संत्र्यांचे दोन बहर असतात : आंबिया बहराची फळे साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. नोव्हेंबरातली परिषद असेल, तर परतीच्या बॅगेत चार-पाच किलोंची जागा ठेवावी. एरवी संत्रा बर्फीवर भागवावे. ती बारा महिने मिळते. मेट्रोने विमानतळावर जाणार असाल, तर विमानतळाचे स्थानक वर्धा मार्गावर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. संत्र्यांची पेटी हातात असताना पुढचे अंतर रिक्षाने जावे.